लंबकाचा आलेख आणि प्रामाणिक नोंद

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त खमरिया येथे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



एक मीटर लांबीच्या दोऱ्याला टांगलेला छोटासा गोळा एकदा जाऊन परत येण्यास दोन सेकंदांहून किंचित अधिक वेळ घेतो. शाळा सुरू झाली त्या दिवशी असा एक लंबक टांगला असता आणि तो अखंड हलत राहिला असता, तर आजच्या साठाव्या वर्षापर्यंत त्याची सुमारे ९४ कोटी दोलने पूर्ण झाली असती. प्रत्यक्षात हवेच्या विरोधामुळे असा लंबक लवकरच मंदावतो आणि अखेर स्थिर होतो. परंतु मंदावतानाही तो आपला ठेका सोडत नाही. हेलकावा लहान होत जातो, त्या हेलकाव्याला लागणारा वेळ मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. या एका गुणावर युरोपातील घड्याळे अडीचशे वर्षांहून अधिक काळ चालली, पृथ्वीचा आकार मोजला गेला आणि शाळेच्या प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या एक प्रात्यक्षिक टिकून राहिले. त्याच प्रात्यक्षिकाच्या हाती आता मोशन सेन्सर, म्हणजे गतिसंवेदक, आणि आलेख काढणारा कॅल्क्युलेटर ही दोन नवी साधने आली आहेत. त्यांनी काय साधते आणि काय साधत नाही, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. जबलपुरातील मराठी मुलाच्या कानांवर दोन भाषा एकाच वेळी पडतात आणि विज्ञानाच्या तासाला त्यांची कधी कधी गाठ पडते. हिंदी पाठ्यपुस्तकातील ‘सरल लोलक’ म्हणजे आपला साधा लंबक. मराठी पुस्तकातील ‘लोलक’ मात्र प्रकाशाचे सात रंग वेगळे करणारी त्रिकोणी काच. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मराठीत लोलक म्हणजे झुंबराला लोंबणारा काचेचा तुकडा. लोंबणे आणि झुलणे हा अर्थ या सर्वांच्या मुळाशी आहे. योगायोग असा, की लंबकाची प्रसिद्ध आख्यायिकाही एका झुंबराचीच आहे. पिसा येथील चर्चमध्ये झुलणारा दिवा पाहून तरुण गॅलिलिओने आपल्या नाडीच्या ठोक्यांवर त्याचे हेलकावे मोजले, असे त्याच्या शिष्याने लिहून ठेवले आहे. आख्यायिकेच्या तपशिलाबद्दल इतिहासकार साशंक आहेत; गॅलिलिओने लंबकाचा कसून अभ्यास केला, याविषयी मात्र शंका नाही.

त्या अभ्यासाचे फळ डच शास्त्रज्ञ ख्रिश्चन हायगेन्स याच्या हातून घड्याळाच्या रूपाने १६५६ मध्ये आले. त्यापूर्वीची यांत्रिक घड्याळे दिवसाकाठी पाव तास मागेपुढे होत. लंबकाच्या घड्याळाने ही चूक पंधरा सेकंदांच्या आसपास आणून ठेवली. पुढे १६७२ मध्ये झां रिशे हा फ्रेंच खगोलवेत्ता दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे त्याचे घड्याळ तेथे दररोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक तीन मिलिमीटरांपेक्षा थोडा कमी आखूड केला, तेव्हा घड्याळ पुन्हा वेळेवर आले. यंत्रात दोष असावा, असे कोणीही म्हणू शकले असते. रिशेने आपली नोंद बदलली नाही. विषुववृत्ताजवळ गुरुत्वाकर्षण किंचित कमी असते आणि पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, या न्यूटनच्या प्रतिपादनाला त्या नोंदीचा आधार मिळाला. अपेक्षेशी न जुळणारा आकडा जसाच्या तसा लिहून ठेवल्यामुळे ज्ञानात भर पडल्याचे हे एक ठळक उदाहरण आहे.

आपल्या देशातही लंबकाचा असाच एक अध्याय घडला. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे आद्य प्रवर्तक विल्यम लॅम्टन यांचा मृत्यू १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. त्यांनी आरंभलेली मोजणी कन्याकुमारीपासून हिमालयाकडे सरकत राहिली. हिमालयाच्या प्रचंड राशीमुळे ओळंबा किती ओढला जातो, हा प्रश्न तेव्हा शास्त्रज्ञांना सतावत होता. त्याच्या उत्तरासाठी १८६५ पासून कॅप्टन जेम्स बसेवी यांनी रॉयल सोसायटीने दिलेले पितळी लंबक देशभरच्या ठाण्यांवर नेऊन त्यांची दोलने मोजण्यास सुरुवात केली. हवेचा अडथळा टाळण्यासाठी लंबक निर्वात पात्रात हलविले जात आणि दोलनांची तुलना खगोलीय घड्याळाशी करण्यात येई. जुलै १८७१ मध्ये लडाखमधील मोरे येथे, समुद्रसपाटीपासून पंधरा हजार फुटांहून अधिक उंचीवर, थंडी व श्रमाने बसेवींचा अंत झाला. उरलेले काम कॅप्टन हेविसाइड यांनी पूर्ण केले. पर्वताच्या प्रचंड राशीमुळे जेवढे जास्त गुरुत्व मिळावे असे वाटत होते, तेवढे ते मिळत नाही, असे या निरीक्षणांतून दिसले. पर्वतांखालील खडक तुलनेने हलके असतात, ही कल्पना त्यामुळे बळकट झाली. दोऱ्याला टांगलेल्या वजनाची दोलने मोजत राहून माणसाने डोंगराच्या पोटातले खडक जोखले, असा याचा अर्थ आहे.

मित्रहो, आता या थोर परंपरेतून शाळेच्या प्रयोगशाळेत येऊ. येथे लाकडी स्टँड असतो, फटीच्या बुचात अडकवलेला दोरा असतो, पितळी गोळा असतो आणि स्टॉपवॉच असते. दोऱ्याची लांबी ठरवावी, वीस दोलनांचा वेळ मोजावा, त्याला वीसने भागून दोलनकाल काढावा, लांबी बदलून हे सर्व पुन्हा करावे, आणि शेवटी गुरुत्व त्वरणाची किंमत काढावी. लिहायला पाच ओळी पुरतात. अडचण अशी, की उत्तर आधीच ठाऊक असते. पुस्तकात ९.८ छापलेले आहे. अनेक ठिकाणच्या प्रयोगशाळांत मग गणित उलट्या दिशेने सुरू होते. उत्तरापासून दोलनकाल, दोलनकालापासून वीस दोलनांचा वेळ, आणि त्या वेळात शंभरांश सेकंदाचा थोडा फेरफार, म्हणजे रीडिंग खरे वाटावे. प्रात्यक्षिक वहीवर सही होते, गुणही मिळतात. लंबक मात्र एकदाही हललेला नसतो.

खमरियासारख्या वस्तीत या गोष्टीकडे हसून पाहता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. त्यापूर्वी १९०४ मध्ये जबलपुरात गन कॅरेज फॅक्टरी आलेली होती. खडकी, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव येथेही याच प्रकारच्या निर्माण्या असल्याने महाराष्ट्राशी या वस्तीचे नाते कामाचेही आहे. निर्माणीतल्या माणसाला गेज म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. ‘गो’ बाजू आत गेली पाहिजे, ‘नो-गो’ बाजू आत जाता कामा नये. त्यात न बसणारा नग बाजूला निघतो. तो बसला असे लिहून पुढे पाठविला, तर पुढे कोठेतरी कोणाच्या तरी हातात तो नग असतो. ज्या वस्तीत मापाची लबाडी जिवावर बेतू शकते, त्या वस्तीतील मुलांनी शाळेत मात्र आकडे जुळवण्याची सवय लावून घ्यावी, हे शोभणारे नाही. लंबकाच्या प्रात्यक्षिकात खरे पणाला लागते ते हे आहे.

नवी साधने या ठिकाणी उपयोगी पडतात, पण ती कशी चालतात हे आधी समजून घेतले पाहिजे. मोशन सेन्सर ही लहान पेटी असते. तिच्यातून माणसाला ऐकू न येणाऱ्या श्राव्यातीत ध्वनीचे स्पंद दर सेकंदाला अनेक वेळा बाहेर पडतात, समोरच्या वस्तूवर आपटतात आणि परत येतात. जाऊन येण्यास लागलेल्या वेळावरून वस्तूचे अंतर काढले जाते. एक मीटर अंतरावरील वस्तूपर्यंत जाऊन परत येण्यास ध्वनीला सुमारे सहा हजारांश सेकंद पुरतात. वटवाघूळ अंधारात हेच करते. या तंत्राचा शाळेपर्यंतचा प्रवास मोठा गमतीचा आहे. पोलरॉइड कंपनीने १९७८ मध्ये आपल्या कॅमेऱ्याचे भिंग आपोआप जुळवण्यासाठी ध्वनीने अंतर मोजणारा भाग बसविला. तोच भाग पुढे भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी प्रयोगशाळेत आणला. आलेख काढू शकणारा पहिला कॅल्क्युलेटर कॅसिओ कंपनीने १९८५ मध्ये काढला, आणि नव्वदच्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे कॅल्क्युलेटर व असे संवेदक तारेने जोडले जाऊ लागले. तेव्हापासून अमेरिकेतील अनेक शाळांत चालणाऱ्या वस्तूचा आलेख ती चालत असतानाच पडद्यावर उमटू लागला.

मांडणी सोपी आहे, पण काळजीपूर्वक करावी लागते. संवेदक लंबकाच्या हेलकाव्याच्या रेषेतच, गोळ्याच्या उंचीवर ठेवावा. गोळा संवेदकाच्या फार जवळ येता कामा नये; जुन्या संवेदकांना अर्ध्या मीटरच्या आतले अंतर नीट कळत नाही. ध्वनीचा झोत शंकूसारखा पसरत जातो. त्यामुळे टेबलाची कड, स्टँडचा दांडा किंवा उत्सुकतेने पुढे झुकलेल्या विद्यार्थ्याचा कोपर मध्ये आला, तर संवेदक त्याचेच अंतर मोजतो आणि आलेखावर लंबकाऐवजी सपाट रेषा उमटते. गोळा फार लहान असल्यास प्रतिध्वनी क्षीण होतो. त्याऐवजी थोडा मोठा चेंडू किंवा पुठ्ठ्याची भरलेली डबी टांगावी.

सर्व नीट जुळले, की पडद्यावर लाट उमटते. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर अंतर. स्टॉपवॉच हातात धरून वर्षानुवर्षे हा प्रयोग केलेल्या शिक्षकालाही ही लाट काही नवे दाखवते. स्टॉपवॉच वीस दोलनांचा एकच आकडा देते; दोलनाच्या पोटात काय घडते ते त्याला कळत नाही. आलेखात दिसते, की टोकांपाशी लाट गोलाकार वळते, म्हणजे तेथे गोळा क्षणभर थांबतो. मध्याशी ती सर्वांत उभी असते, म्हणजे तेथे वेग सर्वाधिक असतो. एक मीटरच्या लंबकाला दहा सेंटिमीटर बाजूला ओढून सोडले, तर मध्यावर त्याचा वेग सेकंदाला सुमारे एकतीस सेंटिमीटर भरतो. वेगाचा आलेख शेजारी काढला, की त्याचे शिखर अंतराच्या आलेखाच्या शिखराशी जुळत नाही. दोन्हींत पाव दोलनाचे अंतर राहते. पुस्तकातली ‘टोकाला वेग शून्य’ ही ओळ पाठ करणाऱ्या मुलाला ती ओळ येथे डोळ्यांनी दिसते.

यातून मोजण्याची एक जुनी खुबीही उलगडते. दोलने टोकापासून मोजावीत की मध्यापासून? टोकाशी गोळा रेंगाळतो. नेमका कोणत्या क्षणी तो थांबला, हे डोळ्याला ठरवता येत नाही आणि आलेखातही शिखर चपटे दिसते. मध्यातून तो झपाट्याने निघून जातो, म्हणून तो क्षण अचूक पकडता येतो. अनुभवी शिक्षक मधल्या रेषेवर खडूची खूण करून तेथून मोजणी करायला सांगत असत. त्यांच्या त्या सूचनेचे कारण आलेख दाखवितो.

आता तपासणीकडे वळू. दोलनकाल कशावर अवलंबून असतो? तीन शक्यता समोर असतात: गोळ्याचे वस्तुमान, दोऱ्याची लांबी आणि हेलकाव्याचा आयाम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या कायम ठेवायच्या, हा विज्ञानाचा पहिला धडा येथे मिळतो. वस्तुमान दुप्पट केले तरी लाटेची रुंदी बदलत नाही. बहुतेक मुलांना प्रथम याचे आश्चर्य वाटते, आणि ते वाटलेच पाहिजे. लांबी बदलली, की लाट ताणली जाते. लांबी २५ सेंटिमीटर असताना दोलनकाल साधारण १.००४ सेकंद यावयास हवा, ५० ला १.४२०, ७५ ला १.७३९ आणि १०० ला २.००८. लांबी चौपट केली, तर दोलनकाल दुप्पट होतो. दोलनकालाचा वर्ग करून तो लांबीसमोर मांडला, की आकडे सरळ रेषेत येतात आणि त्या रेषेच्या चढावरून गुरुत्व त्वरण निघते.

ही सरळ रेषा एक चूकही पकडून देते. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. विद्यार्थी अनेकदा गोळ्याच्या वरच्या कडीपर्यंतच मोजतो. दोन सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्यात त्यामुळे एक सेंटिमीटर सुटतो आणि एक मीटरच्या एकाच निरीक्षणातून उत्तर काढल्यास ते सुमारे एक टक्क्याने चुकते. पण निरनिराळ्या लांब्यांच्या निरीक्षणांचा आलेख काढला, तर रेषेचा चढ बदलत नाही; रेषा फक्त मूळबिंदूतून न जाता किंचित वरून जाते. ती किती वरून जाते यावरून सुटलेला सेंटिमीटर शोधता येतो. जुळवलेल्या आकड्यांची रेषा नेहमी बरोबर मूळबिंदूतून जाते, म्हणून ती काहीच शिकवीत नाही.

आयामाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. हेलकावा लहान असो वा मोठा, वेळ तोच लागतो, असे गॅलिलिओचे मत होते. ते पूर्ण खरे नाही. हेलकावा लहान असेल तोवरच ते चालते. मीटरभर लांबीचा लंबक साठ अंशांवरून सोडला, तर त्याचा दोलनकाल सुमारे २.१५५ सेकंद भरतो, म्हणजे सात टक्क्यांहून अधिक वाढतो. तीस अंशांना ही वाढ पावणेदोन टक्क्यांच्या आसपास असते. हायगेन्सला हे ठाऊक होते, आणि त्यावर उपाय शोधण्यासाठी त्याने वक्ररेषांचे स्वतंत्र गणित मांडले. संवेदकाच्या आलेखात हा फरक कोणत्याही विद्यार्थ्याला दिसू शकतो, आणि थोर शास्त्रज्ञाचे विधानही कोठवर खरे आहे ते तपासायचे असते, हे त्याला सहज कळते.

येथे जबलपूरचा स्वतःचा आकडा लक्षात घेऊ. पुस्तकातील ९.८१ ही किंमत युरोपच्या अक्षांशांना जवळची आहे. जबलपूर सुमारे २३ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. अक्षांश व उंची यांचा हिशेब केला, तर येथील गुरुत्व त्वरण सुमारे ९.७९ येते. हा फरक शाळेत मोजता येईल का? एक मीटरच्या लंबकाची शंभर दोलने ९.८१ ला २००.६ सेकंदांत व्हावीत, आणि जबलपुरात २००.८ सेकंदांत. जवळजवळ पाव सेकंदाचा फरक! वीस दोलनांत तो अंगठ्याच्या चुकीत बुडून जातो. शंभर दोलनांत, पुन्हा पुन्हा मोजून सरासरी घेतली, तर पकडण्याजोगा होतो. पण त्यासाठी हेलकावा लहान हवा. दहा अंशांच्या हेलकाव्यात शंभर दोलनांचा वेळ जवळजवळ ०.४ सेकंदाने वाढतो, म्हणजे जो फरक शोधायचा आहे त्याहून तो मोठा ठरतो. गोळा अवघा पाच सेंटिमीटर ओढून सोडला, तर ही वाढ ०.०३ सेकंदावर येते. लांबीही मिलिमीटरपर्यंत काटेकोर मोजली पाहिजे. असे सर्व सांभाळून ज्या विद्यार्थ्याला ९.७८ किंवा ९.८० मिळते आणि आपली चूक किती असू शकते हे जो शेजारी लिहितो, त्याने बरोबर ९.८१ लिहिणाऱ्यापेक्षा अधिक भौतिकशास्त्र शिकलेले असते.

यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. संवेदक ध्वनीचा वेग गृहीत धरतो, आणि तो वेग तापमानाबरोबर बदलतो. जबलपुरात मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांत आणि जानेवारीच्या सकाळी १५ अंशांत ध्वनीच्या वेगात सुमारे पाच टक्के फरक पडतो. तापमानाची दुरुस्ती केली नाही, तर अंतर तेवढेच चुकते आणि आयामही चुकतो. दोलनकाल मात्र चुकत नाही, कारण लाट उंचीने चुकली तरी तिच्या दोन शिखरांतला वेळ तोच राहतो. कोणती चूक उत्तरापर्यंत पोचते आणि कोणती पोचत नाही, हे ओळखणे ही विज्ञानातली मोठी विद्या आहे. दुसरी मर्यादा नोंदींच्या वेगाची. दर दोन सेकंदांनी एकच नोंद घेण्यास सांगितले, तर एक मीटरचा लंबक प्रत्येक वेळी जवळजवळ त्याच जागी सापडेल आणि आलेख सांगेल की तो हलतच नाही. यंत्र खोटे बोलले नाही. त्याला प्रश्नच चुकीचा विचारला गेला.

ही साधने महाग आहेत आणि आपल्याकडच्या बोर्डाच्या परीक्षेत साधा कॅल्क्युलेटरही सहसा चालत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण वाट अडलेली नाही. नवी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने शाळा-महाविद्यालयांसाठी ‘एक्सपआईज’ नावाचे स्वस्त उपकरण विकसित केले आहे. त्याला असे संवेदक जोडता येतात. जर्मनीतील आखेनच्या विद्यापीठाने २०१६ मध्ये मोफत उपलब्ध केलेले ‘फायफॉक्स’ हे अ‍ॅप वापरले, तर मोबाइल कापडी पिशवीत घालून, खाली उशी ठेवून टांगता येतो आणि तो स्वतःच आपल्या दोलनांचा आलेख काढतो. घरोघरी असलेले यंत्र अशा रीतीने लंबक बनते.

आणि हे काहीही नसले, तरी नर्मदेच्या काठचा एक धडा जवळच आहे. जबलपूरहून खाली वाहणारी नर्मदा होशंगाबादला, म्हणजे आजच्या नर्मदापुरमला जाते. तेथे १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी सहावी ते आठवीच्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे चालविला आणि २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. त्या तीस वर्षांत खेड्यांतील मुलांनी काड्या, दोरे, दगड यांच्या साह्याने मोजमापे केली. प्रत्येक टोळीचे उत्तर थोडे वेगळे आले, तर ते लपवायचे नसते. सगळी उत्तरे फळ्यावर लिहून त्यांचा विस्तार पाहायचा असतो, हा त्या शिक्षणाचा गाभा होता. मराठी वाचकांना खेळण्यांतून विज्ञान शिकविणारे म्हणून परिचित असलेले अरविंद गुप्ता यांनाही आपल्या कामाची दिशा तेथेच गवसली. दगड बांधलेल्या सुतळीनेही लंबकाचा प्रयोग होतो. न जुळणारी नोंद लिहिण्याची मोकळीक नसेल, तर हजारो रुपयांच्या संवेदकानेही तो होत नाही.

शिक्षकांचा यात मोठा वाटा आहे. विद्यार्थ्याने ९.६ आणले आणि त्याचे गुण कापले गेले, तर पुढच्या वर्षी सर्व वर्ग ९.८ आणील. त्याऐवजी ‘तुझी लांबी कोठपर्यंत मोजली होतीस? किती अंशांवरून सोडलास? कितीदा मोजलेस?’ असे तीन प्रश्न विचारले गेले, तर ९.६ हाच उत्तम धडा ठरतो. गुण उत्तराला न देता नोंदीला द्यावेत, एवढा एक बदल कोणत्याही खर्चाशिवाय होण्यासारखा आहे.

हीरक महोत्सवाच्या वर्षात शाळेने एक छोटे काम हाती घ्यावे. सभागृहाच्या तुळईला जमेल तेवढा लांब लंबक टांगावा. आठवीपासून वरच्या प्रत्येक वर्गाने, स्टॉपवॉचने असो, संवेदकाने असो वा मोबाइलने, त्याची शंभर दोलने मोजावीत. सर्व उत्तरे, कमी आलेली आणि जास्त आलेलीही, तारीख व तापमानासह एका वहीत शाईने लिहावीत. त्यांची सरासरी म्हणजे या शाळेने स्वतः मोजलेले खमरियाचे गुरुत्व त्वरण. ती वही जपून ठेवावी. अमृत महोत्सवाला जमणारी मुले पुन्हा मोजतील, अधिक चांगल्या साधनांनी मोजतील आणि त्यांचा आकडा आजच्या आकड्याशी ताडून पाहतील. त्यांचा आकडा वेगळा आला, तर या वहीतील नोंदी खऱ्या आहेत या भरवशावरच त्यांना पुढचा शोध घेता येईल. तो भरवसा त्यांना देणे आजच्या मुलांच्या हातात आहे.